लाइन चालू होती

३१ जानेवारी

आज आमचं एक्सचेंज बंद झालं. हॉस्पिटलच्या तळघरातली ती खोली, दोन फिरत्या खुर्च्या, मधे बोर्ड आणि भिंतीवर सगळ्या वॉर्डांच्या नंबरांचा तक्ता. तक्त्याकडे बघायची वेळ गेल्या कित्येक वर्षांत माझ्यावर आली नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी क्ष-किरण विभागाचा नंबर सांगेन. पण आता कोण उठवून विचारणार?

उद्यापासून फोन मशीन घेणार. "अपघात विभागासाठी एक दाबा, बाळंतपणासाठी दोन दाबा." आज दुपारी आम्हाला ऐकवलं. त्यातली बाई 'हृदयरोग' हा शब्द असा काही उच्चारते की धडधाकट माणसाला धडधड सुरू व्हावी. मी तसं साहेबांना सांगितलं. ते हसले आणि गुच्छ दिला. मैनेचा मला दिला आणि माझा मैनेला, पण दोन्ही एकाच दुकानातले, फरक काही नव्हता.

मैना म्हणजे माझी जोडीदारीण. कॉलेज संपवून थेट माझ्या शेजारच्या खुर्चीत आली ती आजपर्यंत तिथेच. ही नावं हॉस्पिटलच्या लोकांनी ठेवलेली. ती मैना आणि मी तोफ. मी फोन उचलला की "बोला, कुठे जोडू?" आणि पुढचा माणूस श्वास घेईपर्यंत त्याला जोडून मोकळी. समोरून आवाज आला नाही तर तीनदा हॅलो म्हणायचं आणि लाइन मोकळी करायची, हा माझा नियम. मैना मात्र "घाबरू नका हं, बघते मी, थांबा" असलं काय काय बोलत बसायची. मी ओरडायचे, अगं, आपण जोडणाऱ्या, बोलणाऱ्या नव्हे. लाइन अडवू नकोस.

जिना चढताना तिने विचारलं, "ताई, तू घरी काय सांगणार?"

"काय म्हणजे? नोकरी गेली म्हणून सांगणार. घरचे काय मला खाणार आहेत?"

"तुझं बरं आहे," ती म्हणाली आणि हसली.

ही वही लेकीने दिली. म्हणे, "आई, आता दिवसभर तुझं ऐकायला कोणी नाही. हिच्याशी बोल, आमचे कान वाचतील." कार्टी बापावर गेली आहे.

५ फेब्रुवारी

हे सकाळी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला गेले, लेक कॉलेजला गेली आणि मी घरात एकटी. भांडी घासून झाली, पुन्हा एकदा घासली. फोन वाजला तसा झडप घालून उचलला आणि तोंडातून गेलंच, "बोला, कुठे जोडू?"

"बाळंतपणाला जोडा, दोन दाबून दमले," मैना म्हणाली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

तिने एक टूम काढली आहे. घरची माणसं बाहेर पडली की ती रोज फोन करणार. तोवर आम्ही दोघींनी अंघोळ करून, केस विंचरून, बाहेर जायचे कपडे घालून तयार असायचं. जी गाऊनमध्ये असेल तिने खरं कबूल करायचं. मी लगेच पकडले गेले. ती मात्र पार तयार, पायात चपलासुद्धा. म्हटलं, घरात चपला? म्हणाली, "सवय गं."

मागे कबुतरांची फडफड ऐकू येत होती आणि लोखंडी फाटक वाजल्यासारखं काहीतरी. तिच्या भावाच्या घराच्या गच्चीवर कबुतरं फार झाली असावीत. जाळी लावून घ्या म्हणून सांगायला हवं.

१२ फेब्रुवारी

चार ठिकाणी अर्ज टाकले. लेकीने टाइप करून दिले. 'अनुभव' या रकान्यात काय लिहायचं यावरून वाद झाला. मी म्हटलं, लिही, दूरध्वनीचालिका. ती म्हणाली, आई, हा शब्द वाचेपर्यंत त्यांची जेवणाची सुट्टी होईल.

मैना फोनवर माझी मुलाखत घेते. ती साहेब होते आणि मी उमेदवार. आज तिने जाड आवाज काढून विचारलं, "बाई, तुमचं वय काय?"

"आवाजावरून किती वाटतं?"

"ताई, हाच तो तुझा चावरा दात. हा आधी काढायचा."

ती सांगते, खुर्चीत बसून बोलू नकोस, उभी राहा, आवाज मोकळा होतो. आणि बोलताना हस. हसू फोनवर दिसत नाही पण ऐकू येतं म्हणे. मी स्वयंपाकघरात उभी राहून ओट्याकडे बघत हसले. शेजारीण खिडकीतून बघत होती, तिला काय वाटलं कोणास ठाऊक.

मधेच तिच्या बाजूला कोणीतरी 'शूः' केलं. पंख्याची कुरकुर आणि पानं उलटल्याचा आवाज होता. मैना कुजबुजली, "नंतर करते." वहिनी आडवी झाली असेल. काय ती एकेकीची सत्ता. नणंदेने स्वतःच्या भावाच्या घरात मोठ्याने बोलायचीही चोरी.

२० फेब्रुवारी

आज प्रवासी कंपनीत मुलाखत होती. समोर लेकीच्या वयाची मुलगी. मला म्हणाली, "तुम्ही एका वेळी सहा जणांशी चॅट करू शकाल का?" मी म्हटलं, बाळ, मी एका वेळी चोवीस लाइनी सांभाळल्या आहेत. ती म्हणाली, "हो, पण टाइप करून." मला पाणी विचारलं आणि कळवतो म्हणाली. कळवतो म्हणजे काय ते न कळायला मी काही दुधखुळी नाही.

घरी येऊन तशीच पलंगावर पडले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. मैनेचा फोन आला आणि मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही. हॉस्पिटलात काय काय ऐकलं या कानांनी, पण आवाज कधी हलला नाही. आज मात्र हमसून हमसून रडले. माझं काय चुकलं, मी कोणाला नकोशी कशी झाले, असलं काहीबाही बोलत राहिले. मैना मधे एक शब्द बोलली नाही. फक्त मधून मधून "हं" म्हणायची, म्हणजे ती आहे हे मला कळत होतं. मग माझं संपलं तेव्हा म्हणाली, "ताई, तोंड धू. चहा टाक. मी आहे फोनवर, तू टाक." मी फोन बाजूला ठेवून चहा टाकला, आणि ती खरंच होती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "दोघींनाही पोहता येत नाही आणि एकमेकींना शिकवताय." पण बरं वाटलं हे खरं. तिचं काय चाललंय ते विचारायचं राहिलंच. तिचं काय असणार म्हणा. एकटा जीव, भावाचं घर, डोक्याला ताप नाही.

९ मार्च

मैना घरी आली. जेवायलाच बोलावली होती, तरी बरोबर डबा. म्हटलं, माझ्याकडे येताना डबा घेऊन येतात का? म्हणाली, "वहिनी बांधून देते, टाकून कसा द्यायचा?" म्हणजे वहिनी वाटते तेवढी वाईट नाही. नोकरी गेल्यावरही नणंदेला डबा बांधून देते, माझ्याकडे यायचं म्हणून का होईना.

जेवण झाल्यावर कोचावर बसल्या बसल्या तिला झोप लागली. अशी गाढ की तोंड उघडं. मी पंखा लावला. पावलांवर सूज होती, चपलांचे तळ पार झिजलेले. वाळली आहे जरा. रंगही रापला आहे. घरी बसून माणसं गोरी होतात, ही उलटी.

उठली ती घड्याळाकडे बघून दचकली. आमची ड्यूटी सुटायची तीच वेळ. केस सारखे केले, पर्स खांद्याला लावली. दारात म्हणाली, "ताई, तुमची मागची खोली अजून रिकामीच का गं?"

"कसली रिकामी? मोडका पंखा, इस्त्रीचे कपडे, ह्यांची रद्दी. माणूस उभं राहायला जागा नाही. का गं?"

"नाही, सहज."

बरोबर सुटायच्या वेळेला निघाली. सवय काही जात नाही माणसाची.

२ एप्रिल

मैनेने जाहिरात वाचून दाखवली. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीला तक्रारी घेण्यासाठी बायका हव्या आहेत. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस बटण दाबतो, तो फोन आपल्याकडे येतो. चॅट नाही, टायपिंग नाही, नुसता आवाज. मैना म्हणाली, "मीही टाकते अर्ज. एकीला लागली तरी घरातच आली." हिचं मन मोठं आहे. मला आधी वाटून गेलं होतं की हिने टाकला नाही तर बरं. लिहून ठेवते आहे म्हणजे पुढे वाचून मला लाज वाटेल.

१६ एप्रिल

लिफ्टवाल्यांची मुलाखत झाली. बाहेर बाकावर आम्ही दोघी शेजारी, अगदी जुन्या खुर्च्यांतल्यासारख्या. तिने माझी कॉलर सारखी केली. तिचा नंबर आधी लागला. बाहेर आली तेव्हा मी दंडाला धरून विचारलं, काय विचारतात?

"एकच प्रश्न अवघड आहे. आतला माणूस घाबरून काही बोललाच नाही तर काय कराल?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, त्याच्याजवळ थांबेन. तो बोलला नाही तरी."

मला हे सुचलं नसतं. मी तीनदा हॅलो म्हणून मेकॅनिकला कळवते असं सांगितलं असतं. पण आत तोच प्रश्न आला आणि मी ठणठणीत सांगून टाकलं, साहेब, त्याच्याजवळ थांबेन, तो बोलला नाही तरी. उभी राहून आणि हसून. तिन्ही साहेबांनी एकदम मान हलवली.

मैना बाहेर वाट बघत थांबली होती. आम्ही रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला. तिने दोनदा बिस्किटं मागवली.

२३ एप्रिल

लागली. मला लागली. ह्यांनी ऑफिसातून परत येताना मिठाई आणली आणि म्हणाले, "आता लिफ्टमधल्या लोकांनी काय पाप केलंय कोणास ठाऊक." लेकीने मिठी मारली. घरात पुष्कळ दिवसांनी सगळे मोठ्याने बोलत होते.

मैनेला मीच फोन केला. ती इतकी आनंदली की तिचा आवाज चिरकला. "मला माहीत होतं ताई, मला माहीत होतं." मागे कोणीतरी बसचे नंबर पुकारत होतं. म्हटलं, कुठे आहेस? म्हणाली, "बाहेर पडलेय जरा."

मी तिला म्हटलं, "हे बघ, आता रोज फोन करायचा त्रास घेऊ नकोस. इतके दिवस माझ्यासाठी सकाळ घालवलीस. आता तुझी तू मोकळी. काही असलं तर कर."

"बरं," ती म्हणाली.

तिच्यावरचं एक ओझं उतरवलं म्हणून मला हलकं वाटलं. कोणाचं किती घ्यायचं यालाही काही हद्द असते.

८ मे

नोकरीवर पहिली बोलणी खाल्ली. एका इमारतीतून बाईंचा फोन आला. मी पत्ता घेतला, मेकॅनिक पाठवला, "येतोय तो" म्हणून फोन ठेवला. थोरले मेकॅनिक माझ्यामागे उभे राहून ऐकत होते. वयस्कर माणूस आहे, हात कायम ग्रीसने काळे.

"बाई, फोन का ठेवलात?"

"काम झालं ना. लाइन अडवून काय करू?"

"लाइन अडवायलाच तुम्हाला पगार आहे. माणूस लिफ्टबाहेर पाय टाकेपर्यंत ठेवायचा नाही. काहीही बोला. स्वयंपाकाचं बोला."

या वयात हाताचं वळण बदलायचं म्हणजे डाव्या हाताने लिहिण्यासारखं आहे. पण शिकेन.

१७ मे

आज जमलं. एक आजोबा अडकले होते, चांगले घाबरलेले. मी त्यांच्याशी कवळीपासून नातवाच्या खोड्यांपर्यंत बोलले. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरी, जरा पाच मिनिटं उशिरा आले असते तरी चाललं असतं." थोरले मेकॅनिक लांबून बघून मान डोलावून गेले.

सकाळपाळी संपवून दुपारी घरी येते तो मैनेच्या वहिनीचा फोन. तिचा आणि माझा फोनचा संबंध नाही, नंबर कुठून तरी शोधून काढला असणार. घाईत होती. मुलगा जिन्यावरून पडला, हाताला लागलं, मैनेचा मोबाइल लागत नाही, हॉस्पिटलला केला तर मशीन नुसते आकडे दाबायला सांगतं. "तुमच्याशेजारीच असेल ना ती ड्यूटीवर? जरा द्या ना."

मी म्हटलं, "अहो वहिनी, कसली ड्यूटी? एक्सचेंज जानेवारीतच बंद झालं. मी आता लिफ्टच्या कंपनीत आहे."

"जानेवारीत?" तिने विचारलं. मग "बरं" म्हणाली आणि ठेवला. पोराच्या काळजीने डोकं चालत नसेल बिचारीचं. नाहीतर नणंद चार महिने घरात असते हे कोणी विसरतं का?

१८ मे

फार फोन आले, वीज जाऊन येऊन होती. चहाच्या सुट्टीत जिन्यात उभी होते तेव्हा मोबाइल वाजला. मैनेचं नाव. मी म्हटलं, "बोल गं, भाच्याचा हात कसा आहे?" उत्तर नाही. मी हॅलो म्हटलं. पुन्हा म्हटलं. मागे कुठेतरी नळ वाहत होता, मोठ्या रिकाम्या खोलीत घुमतो तसा. "हॅलो, मैने, आवाज येत नाहीये. ठेवते. नंतर कर," म्हटलं आणि ठेवला. नेटवर्क म्हणजे वैताग आहे नुसता.

तिने नंतर केला नाही. मीही कामात विसरले.

६ जून

मैनेचा फोन बंद लागतो. नंबर बदलला असेल तर सांगायला नको का? माणसं नोकरी लागलेल्याला लगेच परकी समजतात, असं हे म्हणाले. मला ते पटलं आणि जरा रागही आला. मी काय तिच्या हातातली नोकरी हिसकावून घेतली?

२१ जून

आज सुट्टी होती म्हणून तिच्या घरी गेले. दार वहिनीने उघडलं. पाठीमागे मुलगा हात गळ्यात बांधून बसला होता. मला बघून वहिनीने माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं, कोणी मागून येतंय का ते.

"ती नाही आली तुमच्याबरोबर?"

"कोण?"

मग तिने मला आत बसवलं. पाणी दिलं. तिचं बोलणं जमेल तसं लिहून ठेवते.

"आम्हाला काही माहीतच नव्हतं हो. रोज सकाळी डबा घेऊन जायची. रोज. मी बांधून द्यायचे. संध्याकाळी वेळेवर परत. पैसेही द्यायची घरात, बहुतेक हॉस्पिटलने दिलेल्यातले. तुम्हाला फोन केला त्या दिवशी कळलं. हे फार चिडले. म्हणाले, खोटं बोलणारं माणूस माझ्या घरात नको. रागात बोलतं माणूस. मी म्हटलं सकाळी निवळेल सगळं. सकाळी ती उठली, बॅग घेतली, डबा ओट्यावर तसाच ठेवला आणि गेली."

"कुठे?"

"तुमच्याकडे," वहिनी म्हणाली. "म्हणजे आम्हाला वाटलं तुमच्याकडे. तुमच्याखेरीज होतं कोण तिला? म्हणून तर आम्ही शोधलंही नाही. म्हटलं, ताईंकडे आहे, चार दिवसांनी राग शांत होईल."

ती गेली ती सकाळ अठरा मेची. मी तारीख दोनदा विचारून घेतली.

२२ जून

कामावर गेले नाही. तापाचं कारण कळवलं.

मेलेली लाइन कशी ऐकू येते ते मला माहीत आहे. तिला आवाजच नसतो. कापूस कानात घातल्यासारखी असते. त्या दिवशी नळ वाहत होता. लाइन चालू होती. पलीकडे माणूस होतं, आणि ते बोलत नव्हतं. एवढं ओळखायला मला कोणी शिकवायला नको, आयुष्यभर तेच केलं. तरी मी माझे तीन हॅलो मोजून फोन ठेवला.

कबुतरं, फाटक, बसचे नंबर, वाचनालयातला पंखा. सगळं ऐकलं. फोन कोणत्या वॉर्डातून आला ते मी नुसत्या मागच्या आवाजावरून सांगायचे, आणि सगळे तोंडात बोट घालायचे. मैना अडीच महिने मला रस्त्यावरून फोन करत होती ते त्याच कानांना कळलं नाही, आणि मी तिला कबुतरांना जाळी लावून घ्यायचा सल्ला देत होते.

आणि मी तिला रोजचा फोन बंद करायला सांगितला. मला वाटत होतं तो माझ्यासाठी होता.

१४ जुलै

शोधते आहे. हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या बागेत गेले. माळी म्हणाला, एक बाई यायच्या खऱ्या, डबा खायच्या, फोनवर खूप हसायच्या. आता येत नाहीत. वाचनालयातल्या बाईंनी रजिस्टर न बघताच नकारार्थी मान हलवली. बस डेपोत विचारायचं तरी काय? तिथे रोज हजार बायका बसलेल्या असतात.

घरी येऊन मागची खोली उपसली. ह्यांनी विचारलं, "कोण येणार आहे?" म्हटलं, कोणी नाही. त्यांनी नेहमीसारखी चेष्टा केली नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि रद्दी बांधायला बसले. मधेच म्हणाले, "परकी समजतात, असं मी म्हणायला नको होतं." मी म्हटलं, मला पटायला नको होतं.

कामावर फोन येतात, मी बोलते. थोरले मेकॅनिक नव्या मुलींना सांगतात, या बाईंकडून शिका, माणसाला सोडत नाहीत. ते ऐकवत नाही मला.

३० ऑगस्ट

मैना भेटली.

ह्यांना कपाट बघायचं होतं म्हणून आम्ही त्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात गेलो होतो. तीन मजले, सरकते जिने, छताला स्पीकर. मी कपाटाचा कप्पा ओढून बघत होते आणि डोक्यावर आवाज आला. "एक छोटी मुलगी, लाल फ्रॉक, माहिती काउंटरपाशी आहे. ती अजिबात घाबरलेली नाही, बिस्किट खाते आहे. तिच्या आईनेही घाबरू नये, सावकाश यावं." असं दुनियेत दुसरं कोणी बोलत नाही. कप्पा तसाच उघडा टाकून मी जिन्याकडे पळाले.

ती काउंटरमागे उभी होती, दुकानाचा निळा कोट घालून. मुलगी टेबलावर बसून पाय हलवत होती. मैना जरा भरली आहे, केस कापले आहेत. मला बघून तिचा हात मुलीच्या पाठीवर थांबला. मग ती हसली.

"अरे, या ना. काय म्हणता?"

मला वाटलं, हे मागून येत आहेत म्हणून दोघांना मिळून म्हणाली. ह्यांनी तिची चौकशी केली, आणि मग जे कधी करत नाहीत ते केलं, आम्हाला एकटं सोडून कपाटांकडे निघून गेले.

"तुमची नोकरी कशी आहे?" तिने विचारलं.

मला. मी एकटीच होते समोर. वीस वर्षं जी मला अगं-तुगं करत होती ती मला अहो-जाहो करत होती. रागाने नाही. अगदी नीट, गोड, काउंटरवर आलेल्या कोणालाही करावं तसं.

"मैने," मी म्हटलं, "त्या दिवशी तू फोन केलास. मी ठेवला."

"अहो, नेटवर्क नव्हतं."

"होतं. मला नळ ऐकू येत होता."

ती मुलीच्या फ्रॉकचं बटण लावू लागली. लागलेलंच होतं, ते काढून पुन्हा लावलं.

"असू दे. मलाच बोलता आलं नाही," ती म्हणाली. "आणि बरंच झालं एका अर्थी. कधीतरी घरी सांगायचंच होतं. आता बायकांच्या वसतिगृहात खोली आहे, दोघींत एक. छान आहे. दादा-वहिनी येऊन गेले परवा."

"घरी ये ना. जेवायला ये. राहायलाच ये."

"येईन ना. सवड झाली की नक्की येईन."

मला खूप बोलायचं होतं. मुलाखतीतलं ते उत्तर तिचं होतं, नोकरी तिची होती, मला रडू आलं तेव्हा ती चहा होईपर्यंत थांबली होती, हे सगळं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मुलीची आई धावत आली, रडत, मुलीला उचलून घेत, आणि मैना तिला खुर्ची द्यायला, पाणी द्यायला वळली. तिच्या मागे आणखी दोन माणसं बिलं घेऊन उभी राहिली. मी थोडा वेळ बाजूला थांबले. लाइन अडवल्यासारखं वाटायला लागलं.

"निघते गं मी," मी म्हटलं.

"या हं," ती म्हणाली.

कपाट न घेताच हे परत आले. आम्ही सरकत्या जिन्याने खाली उतरलो. दारापर्यंत मला वाटत होतं, ती मागून हाक मारेल. अगदी दारात तिचा आवाज आला, मी वळलेही. पण तो स्पीकरवर होता. कोणाची तरी पांढरी गाडी रस्त्यात उभी होती, ती काढायला सांगत होती.